अवधाण

काटा शिंगाळ्याचा होता.
सर्जेकोटच्या बंदरावर, सकाळी सहाच्या लिलावात
मथुराबाई तारींनी टोपलीत हात घातला
आणि मधल्या बोटात
सुईच्या टोकाएवढा समुद्र शिरला.

बोट तोंडात धरून चोखलं, थुंकल्या,
आणि पुढची बोली वीस रुपयांनी चढवली.

तिसऱ्या दिवशी माझ्या स्टुलावर.
बोट वांग्यासारखं, तकतकीत.
“काय झालं?”
“काटो लागलो. दुसरा काय व्हतला?”

मी इथे रक्त काढते, अकरा वर्षं.
मूळची औशाची; समुद्र पाहिला तो
नेमणुकीचं पत्र हातात घेऊनच.
त्यामुळे असेल, मला जंतूंचा राग येत नाही.
तेही बदली होऊन आलेले.
माशाच्या बुळबुळीत कातडीवर बरं चाललं होतं त्यांचं:
एकाचे दोन, दोनाचे चार, बाकी कसला उद्योग नाही.
इथे ऊब मिळाली. मीठ मिळालं, जरासं अळणी.
दर अर्ध्या तासाला दुप्पट धरलं
तर सहाच्या लिलावातला एक
दुपारी चारला दहा लाख.
खात होते, आणि खाता खाता जे सांडत होते
त्यानं भोवतालचं मांस विरघळत होतं.
वैर म्हणतात ते एवढंच.

पण हिशेब इतका सरळ चालत नाही,
कारण ठणका लागतो.
ठणका म्हणजे निरोप पोचला.
केसाहून बारीक वाहिन्यांच्या भिंती सैल होतात,
बोट लाल होतं, तापतं,
आणि फटींतून अंग चोरत चोरत
पांढऱ्या पेशी बाहेर पडतात.
काचपट्टीवर मला त्या जांभळ्या दिसतात,
पोटात तीन-चार पाकळ्या.
जंतू दिसला की गिळतात. गिळवेनासे झाले की
मग करतात ते मी कितीदा वाचलंय,
तरी दर वेळी पान उलटायचं राहतं.

दांडीच्या किनाऱ्यावर एकदा रापण ओढताना पाहिली होती.
दोन्ही दोरांना पन्नासेक माणसं, शाळा चुकवलेली पोरंही,
दोराला हात लागला त्याला वाटा.
या पेशीकडे दोर नसतो.
ती आपल्याच पोटातलं सूत उसवते,
जगायचं कसं हे ज्याच्यावर लिहिलेलं तेच सूत,
आणि जंतूंवर फेकते.
बहुतेकदा त्यानंतर ती नसते.
जाळं असतं.

काझी डॉक्टरांनी चीर दिली. कापूस भरला.
“किती घाण गो,” मथुराबाई म्हणाल्या.
मी काही बोलले नाही.
वहीत लिहिलं: पांढऱ्या पेशी, सतरा हजार आठशे.

काखेत अवधाण होतं, ओल्या सुपारीएवढं.
दाबलं तर कळवळल्या.
तिथेही लिलावच चालू होता:
जंतूचा एक तुकडा मधोमध धरलेला,
याचं माप कुणाकडे आहे?
हजारो पेशी बघून पुढे जातात,
एखादीच थबकते.
मग तिच्या हजार होतात.

रक्त घेताना पट्टा आवळला तेव्हा
त्यांनी मान न वळवता विचारलं,
“तेंचो रिपोट तूच केललंस ना गो?”

मीच केला होता. श्रावणात, दोन वर्षांमागे.
लावणीच्या चिखलात अनवाणी, टाचेला भेगा,
उंदराच्या मुतातून आलेला तो जंतू.
डोळे पिवळे. प्लेटलेट्स बावीस हजार.
तिथेही सगळे धावले होते,
इतके, की शेवटी
कोण जाळतंय आणि कोण विझवतंय
कुणालाच कळेना.
“हो,” मी म्हटलं. “मूठ उघडा आता.”

दिवाळीनंतर बाजारात भेटल्या.
“बोट कसंय?” विचारलं.
हाडांच्या आत कुठेतरी तेव्हा
त्या हजारांतल्या चार-दोन जाग्या बसलेल्या असणार,
तेच माप हातात धरून.

“खंयचा बोट?”
सुरी खाली ठेवून त्यांनी दोन्ही हात पुढे केले,
खवल्यांनी चमचमणारे.
मलाही पटकन सांगता आलं नाही.